गेम संपणं आणि गेम निकाली लागणं

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका बोळात व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तीन मशिनी, त्यातल्या एकीची दांडी कायम ढिली. शाळा सुटली की दप्तरासकट थेट तिथं, आणि सगळा जीव 'मुस्तफा'त. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीनं ती १९९३ साली काढली. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्यासाठी ती मुस्तफाच, कारण चार गड्यांतला मुस्तफा नावाचा गडी सगळ्यात चपळ आणि तोच प्रत्येकाला पाहिजे असायचा. गडी मेला की पडद्यावर उलटे आकडे सुरू व्हायचे आणि मागून गिल्ला: "कॉईन टाक की लका, बघत काय बसलाइस!"

एका उन्हाळ्यात मी आणि माझा मित्र आठव्या, म्हणजे शेवटच्या लेव्हलला पोचलो. समोर डॉक्टर फेसेंडन. खिशातले रुपये संपलेले, मित्राला घरातून दुधासाठी दिलेले पैसेही मोडून झालेले. फेसेंडनचा जीव पट्टीवर बोटभर उरला होता आणि लाईट गेली. तासाभरानं आली, तेव्हा मशीन पहिल्या लेव्हलपासून सुरू. पार्लरवाले म्हणाले, "उद्या या." दुधाच्या पैशांचं पुढं काय झालं ते मित्राच्या पाठीला माहीत.

त्या गेमचा शेवट मी पाहिला तो वीसेक वर्षांनी. यूट्यूबवर, ऑफिसात डबा खाताना. फेसेंडन मेला, अड्डा उडाला, नावं वर सरकायला लागली. मी चपातीचा पुढचा तुकडा मोडला. काही म्हणजे काही वाटलं नाही.

पिक्चरचं असं होत नाही. शेवटची रीळ दहा वर्षांनी पाहिली तरी डोळ्यांत पाणी यायचं ते येतं. गेमचा शेवट मात्र मी बघितला आणि तो माझा झाला नाही. हे कोडं सुटलं, की गेमचा शेवट चांगला कशामुळं होतो हेही बरंचसं सुटतं. (पुढं बऱ्याच गेमचे शेवट फोडलेत. एखादा जपून ठेवायचा असेल तर त्या गेमचं नाव दिसल्यावर पुढच्या परिच्छेदावर उडी मारा, मला राग नाही.)

कोल्हापुरात शेवटाबद्दल बोलायचं तर खासबागेपासून सुरुवात करणं सोपं. शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान असं आहे की लाल मातीचा हौदा खाली आणि लोक चारी बाजूंनी चढत्या उतारावर, त्यामुळं कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. कुस्तीच्या पोस्टरवर एक शब्द हमखास असतो: निकाली. निकाली कुस्ती म्हणजे एकाची पाठ मातीला लागेपर्यंत चालणारी. दोन तगडे पैलवान अर्धा तास एकमेकांना भिडून राहिले आणि पंचांनी मध्ये पडून कुस्ती बरोबरीत सोडवली, तर लोक तोंड वाकडं करून उठतात. फसवणूक कुणीच केलेली नसते, दोघंही जीव तोडून लढलेले असतात. तरी घरी जाताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं.

जाणत्या प्रेक्षकाला निकालाइतकंच आणखी एक पाहिजे असतं. निकाल डावावर लागला पाहिजे. एक पैलवान पंधरा मिनिटं पट काढायला बघतोय, दुसरा प्रत्येक वेळी निसटतोय, आणि अखेर त्याच पटावर तो उचलला जातो, तेव्हा फेटे उडतात. तोच गडी स्वतःचा पाय घसरून उताणा पडला, तर कुस्ती चितपट झाली हे खरं, पण टाळ्या तोंडदेखल्या पडतात.

गेमचंही असंच असतं. प्रत्येक गेममध्ये मोजकेच डाव असतात. पळणं, उडी, चढणं, नेम धरणं, ढाल वर करणं, बोलताना चारातलं एक उत्तर निवडणं. वीस-तीस तास तेच तेच करून ते डाव बोटांत बसतात, डोक्याला विचारावं लागत नाही. गोष्ट डोळ्यांसमोर चालते आणि डाव बोटांत. यूट्यूबवर बघताना मला गोष्टीचा शेवट मिळाला. बोटांचा शेवट त्या दुपारी लाईटीबरोबर गेला तो गेलाच.

आता हे ऐकून कुणी म्हणेल, पूर्वीच्या गेमला कुठं असले शेवट होते? नव्हतेच. पार्लरच्या मशिनीचा धंदा नाण्यावर, त्यामुळं खेळणारा हरला पाहिजे, संपवून समाधानानं घरी जाता कामा नये. १९८० सालच्या पॅकमॅनला शेवट ठेवलेलाच नाही. कितवी लेव्हल चालू आहे हे लक्षात ठेवायला त्यात एकच बाइट आहे आणि एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. २५६वी लेव्हल आली की हिशेब फिसकटतो, पडद्याची उजवी बाजू अक्षरांच्या कचऱ्यानं भरते, खायला पुरेसे ठिपकेच उरत नाहीत. गेम तिथं मरते. १९८५ सालच्या 'घोस्ट्स अँड गॉब्लिन्स'नं तर कमाल केली. जीव खाऊन शेवट गाठला की ती सांगते, हे सगळं सैतानाचं मायाजाल होतं, आता पहिल्यापासून खेळा. याला शेवट म्हणायचं की गल्ला, तुम्हीच ठरवा. मग टीव्हीला जोडायची मशीन आणि पिवळ्या-लाल कॅसेटी घरोघर आल्या. त्यातला मारिओ सात किल्ले सर केल्यावर प्रत्येक वेळी ऐकायचा, 'राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे'. आठव्यात ती भेटायची. दोन ओळींचे आभार, आणि पुन्हा खेळा. पण तेवढ्यावरही आमचा दिवस साजरा व्हायचा, कारण बोटांनी आठ किल्ले मारलेले असायचे. गोष्ट फाटकी असली तरी निकाल डावावर लागलेला होता.

कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की 'प्रिन्स ऑफ पर्शिया' चालायचं. १९८९ साली एकट्या जॉर्डन मेक्नर नावाच्या तरुणानं डोकं लावून केलेली गेम. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, घड्याळ थांबत नाही. वाटेत एका आरशातून राजपुत्र उडी मारतो आणि त्यातून त्याचीच सावली बाहेर पडते. ती पुढं तुमचं औषध पिऊन जाते, तुम्हाला गोत्यात आणते. शेवटाजवळ ती तलवार उपसून समोर उभी राहते. आता तासभर तुमची बोटं एकच शिकलीत: समोर तलवार दिसली की वार करायचा. वार केला की सावलीला लागतं आणि तेवढंच तुम्हालाही लागतं. आमच्या क्लासमधली पोरं तिथं पटापट मरायची. उपाय असा, की तलवार म्यान करायची आणि सावलीच्या अंगावर सरळ चालत जायचं. दोघं एक होतात. एका मुलाला हे सुचलं तेव्हा अख्खी लॅब उठून त्याच्या मागं उभी राहिली होती. एक अक्षर न लिहिता गेमनं एवढी मोठी गोष्ट सांगितली, आणि तीही शिकवलेला डाव न टाकल्यामुळं.

याच जातीचा, माझ्या मते आजवरचा सगळ्यात नेमका शेवट 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' या २०१३ सालच्या छोट्या गेममध्ये आहे. करणारा योसेफ फारेस हा स्वीडनमधला, मूळचा सिनेमा दिग्दर्शक. गेम तीन-चार तासांची. दोन भाऊ आजारी बापासाठी औषध आणायला निघतात. कंट्रोलरची डावी दांडी थोरल्याला चालवते, उजवी धाकट्याला, आणि प्रत्येकाला एकेक बटण. सुरुवातीला मेंदूचा भुगा होतो. एका हातानं पोट चोळायचं आणि दुसऱ्यानं डोक्यावर थापट्या मारायच्या, तसला प्रकार. तासाभरानं हात जुळतात. डावा हात थोरला होतो, उजवा धाकटा. आई पाण्यात बुडून गेल्यामुळं धाकट्याला पाण्याची भीती. नदी आली की तो थोरल्याच्या पाठीला मिठी मारतो आणि थोरला पोहतो.

शेवटाकडं थोरला मरतो. धाकटा त्याला पुरतो, औषध घेऊन एकटा परत निघतो. तुमचा डावा हात कंट्रोलरवर नुसता पडून असतो, त्याला काम नाही. गावाजवळ पाणी आडवं येतं. धाकट्याचं बटण दाबा, तो काठावर थरथरत उभा. पुन्हा दाबा, तेच. गेम काही सांगत नाही, सूचना नाही, बाण नाही. मग कधीतरी तुमचं डावं बोट, रिकामं बसलेलं ते बोट, थोरल्याचं बटण दाबतं. आणि धाकटा पाण्यात उतरतो.

मी हे तीन जणांना सांगितलंय आणि तिघांनीही "हं, छान" म्हटलंय. सांगून ते पोचत नाही. भावाची आठवण धाकट्याच्या मनात आहे हे पिक्चर दाखवू शकतो. ती तुमच्या डाव्या हाताच्या बोटात ठेवणं फक्त गेमलाच जमतं. या एका क्षणासाठी आधीचे तीन तास तुमच्या हातांना शिकवणी चालू होती.

आता बरोबरीत सुटलेल्या कुस्तीकडं येऊ. 'मास इफेक्ट'चे तीन भाग २००७, २०१० आणि २०१२ साली आले. या गेमचा डाव म्हणजे निवड. कुणाला वाचवायचं, कुणावर विश्वास टाकायचा, कुणाचा शब्द मोडायचा. पहिल्या भागातली निवड दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात सोबत येते. पहिल्या भागात तुम्ही ज्याला मरू दिलं तो तिसऱ्यात नाही म्हणजे नाही. पाच वर्षं लोक आपापला कमांडर शेपर्ड, म्हणजे गेमचं मुख्य पात्र, घेऊन खेळले. आणि शेवटच्या दहा मिनिटांत, आधी कधी न भेटलेलं एक पात्र लहान मुलाच्या रूपात येऊन सांगतं, तीन वाटा आहेत, एक निवड. लाल, निळी, हिरवी. कुठलीही निवडली तरी पुढची चित्रफीत जवळजवळ सारखीच, स्फोटाचा रंग तेवढा वेगळा.

लोक खवळले. काहींनी मिळून वर्गणी काढली आणि गेम करणाऱ्या बायोवेअर कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. लाल, निळे आणि हिरवे. तिन्हींची चव एकच. निषेध करावा तर असा, यात कोल्हापूरकरांनाही शिकण्यासारखं आहे. कंपनीनं त्याच वर्षी जूनमध्ये शेवट वाढवून फुकट दिला, कुणाचं पुढं काय झालं ते दाखवलं. काही निवळले, काही आजही नाव काढलं की तापतात.

माझं मत थोडं वेगळं आहे. त्या शेवटात दुःख होतं म्हणून लोक चिडले असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. याच तिसऱ्या भागात मॉर्डिन नावाचा म्हातारा शास्त्रज्ञ आपली जुनी चूक निस्तरताना मरतो, आणि त्याबद्दल लोक आजही हळवं होऊन बोलतात. तोही शेवटच होता, एका धाग्याचा, आणि तो तुमच्या आधीच्या निवडींप्रमाणं बदलतो. शेवटच्या दहा मिनिटांत मात्र पाच वर्षं खेळलेला डाव बाजूला ठेवला गेला. पंच हौद्यात उतरले आणि म्हणाले, तिघांपैकी एक रंग निवडा, कुस्ती संपली.

२००८ सालच्या 'फॉलआउट ३'ची चूक याहून साधी आणि म्हणून जास्त हास्यास्पद. शेवटी किरणोत्सर्गानं भरलेल्या खोलीत जाऊन कुणीतरी आकडे दाबायचे, आत गेलेला मरणार. तुमच्यासोबत फॉक्स नावाचा दांडगा साथीदार असू शकतो, ज्याला किरणोत्सर्गानं काही होत नाही. याच गेममध्ये आधी तो तशाच खोलीत जाऊन तुम्हाला एक वस्तू आणून देतो. शेवटी त्याला जा म्हटलं, तर तो म्हणतो, हे तुझं नशीब आहे, मी मध्ये येणार नाही. अरे बाबा, काल तर गेला होतास! गेमनं स्वतः घालून दिलेला नियम शेवटाच्या सोयीसाठी मोडला की खेळणाऱ्याला लगेच कळतं. पुढच्या वर्षी आलेल्या जोडभागात साथीदाराला आत पाठवायची सोय करावी लागली.

'बायोशॉक'चं उलटं. २००७ सालच्या त्या गेमचा खरा दणका मध्येच येतो. इतका वेळ आपण जे काही केलं ते कुणाच्या तरी शब्दावर, यंत्रासारखं केलं, हे कळतं आणि आपणच आपल्या हातांकडं बघायला लागतो. मग गेम पुढं चालू राहते आणि शेवटी एका पिळदार राक्षसाशी मारामारी. बायोशॉक खेळलेल्या कुणालाही विचारा, त्या मारामारीबद्दल कुणी बोलत नाही.

शेवट एवढा जड का असतो, याचं थोडं उत्तर मानसशास्त्रात आहे. डॅनियल कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ३२ जणांनी एकदा हात १४ अंश सेल्सियस पाण्यात साठ सेकंद बुडवायचा. दुसऱ्या वेळी तेच साठ सेकंद, आणि वर आणखी तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत येतं. म्हणजे तरीही गारच, फक्त थोडं कमी. मग विचारलं, पुन्हा यातलं कुठलं करायचं? २२ जणांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त होता, पण शेवट बरा होता. आठवण ठेवताना आपण सगळ्या क्षणांची बेरीज करत नाही. सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट, यांवरच भाव ठरतो.

गेमवाल्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की चाळीस तासांची गेम आठवणीत दोन-चार जागांवर उभी राहते आणि त्यातली एक जागा शेवट असते. 'व्हाइस सिटी'त शेवटच्या मिशनपर्यंत जायला आधी मालमत्ता विकत घ्याव्या लागतात, छापखान्याची कामं करावी लागतात. आमच्या सायबर कॅफेतली निम्मी पोरं त्या खेळण्यातल्या हेलिकॉप्टरच्या मिशनलाच अडकून गाड्या पळवण्यात समाधानी होती. त्यांच्या आठवणीत व्हाइस सिटीला शेवटच नाही. समुद्रकिनारा, मोटरसायकल आणि तासाचे पंधरा रुपये.

धक्का हीच चांगल्या शेवटाची खूण, असा एक समज पसरलाय. मला तो कधीच पटला नाही, आणि त्याला कारण अंबाबाईचं देऊळ. वर्षातून दोनदा, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. सगळ्यांना सगळं माहीत असतं. तरी तिसऱ्या दिवशी माणसं पायऱ्या मोजल्यासारखी किरणं कुठं आली ते मोजत उभी असतात, श्वास धरून. एखाद्या वर्षी ढग आडवे येतात आणि किरणं वाटेतच विरतात, तेव्हा अख्खं शहर हळहळतं. शेवट माहीत असल्यानं उत्सुकता मरत नाही. पहिल्या दोन दिवसांची चढण नसेल तर मात्र तिसऱ्या दिवशी नुसतं ऊन पडतं.

२०१० सालच्या 'रेड डेड रिडेम्प्शन'नं ही चढण उलटी बांधली. जॉन मार्स्टन नावाचा जुना दरोडेखोर सरकारच्या दबावाखाली आपल्याच जुन्या टोळीला संपवतो. शेवटचा शत्रू गेला की वाटतं, झालं. पण गेम संपत नाही. जॉन घरी येतो, आणि पुढचे काही तास तुम्ही गुरं हाकता, घोडे माणसाळवता, पिकावरचे कावळे उडवता, पोराला शिकारीला नेता. पहिल्यांदा खेळताना मी वैतागलो होतो. हे काय शेतावरचं काम लावलंय? मग सैन्य येतं. बायको-पोराला घोड्यावर बसवून जॉन गोठ्याचं दार उघडतो, समोर बंदुका रोखलेली रांग. आणि काळ मंदावतो. नेम धरण्यासाठी वेळ संथ करणं हा त्या गेमचा हुकमी डाव. अख्खी गेम त्या डावानं तुम्हाला वाचवलेलं असतं. बोटं आपोआप कामाला लागतात, एक, दोन, तीन, चार. रांग संपत नाही.

कावळे उडवायला लावणारी ती संथ संध्याकाळ नसती, तर त्या गोठ्यात मेला असता तो एक बंदूकवाला. ती होती म्हणून घरचा माणूस गेला. आणि यावर कडी म्हणजे गेम तिथंही थांबत नाही. वर्षं पुढं सरकतात, पोरगा मोठा होतो, आणि सूड घ्यायचा की नाही हे मुख्य वाटेवर लिहिलेलंच नसतं. तुम्ही स्वतः शोधत गेलात, तरच जॉनवर सैन्य घेऊन आलेला तो सरकारी अधिकारी सापडतो. त्यानंतरच नावं पडद्यावर येतात.

हे सगळं मी माझ्या भाच्याला ऐकवत होतो. तो राजारामपुरीत राहतो, बारावी झालाय, आणि मामाच्या थिअरीला भोक पाडणं हा त्याचा आवडता खेळ. म्हणाला, "मग लास्ट ऑफ अस? तिथं कुठं निकाल लागलाय? उगं कुस्ती-कुस्ती करालायस."

बरोबर होतं त्याचं. २०१३ सालच्या त्या गेममध्ये जोएल एली नावाच्या मुलीला देशभर घेऊन फिरतो, कारण तिच्यापासून रोगावर उपाय निघेल. शेवटी कळतं की उपाय काढायचा तर ती मरणार. जोएल दवाखान्यात घुसून माणसं मारतो आणि तिला उचलून आणतो. शस्त्रक्रियेच्या खोलीत डॉक्टर समोर उभा असतो, आणि त्याला मारल्याशिवाय गेम पुढं सरकत नाही. बटण तुम्हीच दाबता. नंतर एली विचारते, दवाखान्याबद्दल जे सांगितलंस ते खरं ना? तो खोटी शपथ घेतो. ती त्याच्याकडं बघते, एक शब्द बोलते, 'ओके'. पडदा काळा. तिनं विश्वास ठेवला का? माहीत नाही.

मी दोन दिवस विचार केला आणि त्याला फोन केला. निकाल लागलाय, म्हटलं. जोएल काय करणार याचा निकाल लागलाय, आणि तो तुझ्या बोटांनी लागलाय. उघडं राहिलं ते फक्त, याला काय म्हणायचं. कुस्ती सुटलेली नाही, चितपट झालीय, लोक घरी जाताना भांडतायत ते डाव बरा होता का यावर. गोष्टीतला प्रश्न उघडा ठेवायला हरकत नाही. हातातलं काम अर्धं सोडून दिलं की मात्र माणूस चिडतो. 'हेलो २' च्या शेवटी २००४ साली लोक चिडले ते म्हणूनच. आता खरी लढाई म्हणून बाह्या सरसावल्या आणि नावं सुरू झाली.

"बरं बरं," भाचा म्हणाला. "दिवाळीला ये. एक दाखवतो."

दिवाळीत गेलो. तो 'निअर: ऑटोमाटा' खेळत होता. योको तारो या जपानी दिग्दर्शकाची २०१७ सालची गेम, जिला पंचवीसेक शेवट आहेत. त्यातले बरेच थट्टेचे, चुकीचा मासा खाल्ला की गडी मेला, झाला एक शेवट. खरे पाच. पाचव्यात गेम संपल्यावर जी नावं वर सरकतात, तीच नावं तुमच्यावर गोळ्या झाडायला लागतात आणि तुम्ही एका चिमुकल्या त्रिकोणी विमानानं ती फोडायची. गोळ्यांचा पाऊस. भाचा मेला. पडद्यावर प्रश्न आला, हार मानतोस? नाही. पुन्हा मेला. हे सगळं निरर्थक आहे का? नाही. आता मागं जगभरच्या खेळाडूंनी ठेवलेले धीराचे निरोप दिसायला लागले. मग विचारणा झाली, मदत घेणार? त्यानं हो म्हटलं, आणि भोवती इतर खेळाडूंची विमानं येऊन कडं करून उभी राहिली. गाण्यात एका बाईचा आवाज होता, तिथं आता सगळे मिळून गायला लागले. एखादं विमान गोळी लागून पडलं की कुणाचा तरी डेटा गेल्याची ओळ यायची. दुसरं त्याच्या जागी यायचं.

ते संपलं. मग त्याला विचारलं गेलं, आता तूही कुणाला तरी अशीच मदत करशील का? त्यासाठी तुझं सगळं साठवलेलं पुसावं लागेल. ज्याला मदत होईल तो अनोळखी असेल, कदाचित तुला न आवडणारा असेल, आणि तो आभार मानेलच असं नाही. खरंच पुसायचं?

चाळीस-एक तासांचा खेळ होता त्याचा. त्यानं माझ्याकडं बघितलं. "काय करू?"

"मला काय विचारतोस," म्हटलं. "मी नुसता बघालोय."

त्यानं हो दाबलं. गेमनं पुन्हा विचारलं, पुन्हा हो. मग ती यादी पडद्यावर उघडली. शस्त्रं, नकाशा, कामं, सगळं रांगेनं पुसलं जायला लागलं, आमच्या डोळ्यांदेखत, घाई न करता. आतून ताई जेवायला हाक मारत होती. तो शेवटची ओळ जाईपर्यंत उठला नाही. मग कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाला, "मामा, तुझी लाईटीनं घालवली होती. माझी मी घालवली."

"चल," म्हटलं, "रस्सा गार व्हायलाय."